माझ्या वाटचं तीर्थ

फलाट चारवर सुरगाण्याची गाडी लागली होती आणि तेवढंच मला माइकवर सांगायचं होतं. लग्नाच्या आधीपासून मी नाशिकच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. पेठ, हरसूल, सुरगाणा, कळवण ही नावं मी झोपेतसुद्धा न अडखळता घेईन. त्या दुपारी बटण दाबलं, तोंड उघडलं आणि स्टँडभरच्या कर्ण्यांतून एक परकी बाई बोलली. बोबडी, ओली, लाळेने भरलेली. ‘सुरगाणा’ म्हणताना तिची जीभ दातांशी अडली आणि ‘गाडी’ तर तिला म्हणताच आली नाही. मी चक्क मागे वळून पाहिलं. काचेच्या त्या खोपट्यात माझ्याशिवाय कोण असणार? बाहेर बाकावर गाठोडं मांडीत घेऊन बसलेली एक म्हातारी कर्ण्याकडे मान वर करून शेजारणीला म्हणाली, “ही दुसरीच कोन गं? रोजची बाई मेली का काय?” आमचा कंट्रोलर झुंबर खिडकीत डोकावून हसला. “काय सुमेधाताई, पान खाल्लं का काय आज? लय मजेशीर आवाज निघला.” एरवी मी त्याला सोडला नसता. झुंबरला टोमणा मारायची संधी मी आजवर कधी वाया घालवली नव्हती. पण त्या दिवशी कान तापले, मान खाली गेली आणि तो निघून जाईपर्यंत मी टेबलाच्या काचेखालचं जुनं कॅलेंडर बघत बसले. म्हातारीचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना.

तोंड आलं होतं, दुसरं काय! तोंड काय कुणाला येत नाही? लहानपणी आंबे जास्त झाले की यायचं, परीक्षा आली की यायचं, आणि आई जिभेवर तूप चोळून ‘जा, खेळ’ म्हणायची. पण हे आलं दिवाळीच्या सुमाराला आणि मुक्कामालाच राहिलं. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, हिरड्यांच्या मुळाशी. पांढरे, खोलगट, लाल काठांचे व्रण. एक बसतोय म्हणावं तर शेजारी दुसरा उठलेला. वरणभात गार करून गिळायचा, तोही चुरचुरायचा. चहा म्हणजे शिक्षा. शंखजिरं लावलं, जाईची पानं चावली, तुरटीच्या गुळण्या केल्या, गुलकंद खाल्ला. भेटेल त्या बाईने आपापला एक उपाय सांगितला आणि मी मेली प्रत्येकीचा करून पाहिला. एका डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी विचारलं, तंबाखू खाता? मिश्री लावता? मग गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्या आठवड्यात आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही आणि त्यामुळेच तो सगळीकडे ऐकू यायचा, कुकरच्या शिट्टीत, जिन्यावरच्या पावलांत. रिपोर्टात काही निघालं नाही. “टेन्शन घेऊ नका,” डॉक्टर म्हणाले. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली. नाव असतं तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. जिभेवर सतत धातूची चव, पितळेचं भांडं चाटल्यासारखी. लाळ सुटायची, सकाळी उशी ओली असायची, दात किंचित हलतायत असं वाटायचं. हळूहळू मला माझ्याच तोंडाची शिसारी यायला लागली. आरशासमोर ओठ ओढून आत पाहिलं की वाटायचं, इथे कुणीतरी राहतंय आणि मी त्याला भात भरवतेय.

ह्यांनी मात्र हार मानली नाही. हे म्हणजे शामसुंदर, माझे यजमान. सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. कारखाना बंद पडला आणि पुढे वर्षभर हा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत बसला. जेव म्हटलं की जेवायचे, झोप म्हटलं की झोपायचे. घराण्यात भिक्षुकी होती, पण ती सासऱ्यांपाशी संपली. ह्यांना देवाधर्माचं कधी फारसं नव्हतं. मग सिंहस्थ आला. सगळं नाशिक रामकुंडाकडे लोटलं होतं आणि हे रोज तपोवनात साधूंच्या तंबूंमधून हिंडायचे. एका संध्याकाळी लाल फडक्यात बांधून काहीतरी घेऊन आले. सोडलं तर आत शिवलिंग. पाऱ्याचं. मुठीत मावेल एवढं, पण हातावर घेतलं तर हात खाली जावा असं जड. वर काळसर, ओलसर चकाकी. “बाबांनी मंत्राने पारा बांधलाय,” हे म्हणाले आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले हो! त्या हसण्यासाठी मी रस्त्यातल्या दगडालाही नमस्कार केला असता. स्वयंपाकघराला लागून बिनखिडकीची कोठीची खोली होती, तिचं देवघर झालं. आत समई चोवीस तास, रोज दह्यादुधाचा अभिषेक. अभिषेक झाला की लिंग हाताने चोळून पुसायचं काम माझं. घरच्या लक्ष्मीच्या हातानेच व्हायला हवं असं बाबांनी सांगितलं होतं म्हणे. आणि मग तीर्थ. आधी एक पळी असायची. तोंड आल्यावर हे म्हणाले, “औषध समजून तीन घे.” स्वतः थेंबभर डोळ्यांना लावायचे, बाकी सगळं मला. स्वतःच्या हाताने कधी पाण्याचा पेला न भरलेला माणूस आंघोळ करून, ओल्या केसांनी, माझ्यासाठी पळी धरून उभा असायचा. पळी थरथरायची. “बघ, कशी शक्ती येते हातात,” म्हणायचे. ते पाणी व्रणांवरून गेलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ह्यांना वाटायचं मला भरून आलंय. खरं सांगायचं तर कधीकधी आलेलंही असायचं.

लिंगाबरोबर पथ्यंही आली. आमच्या फ्लॅटमध्ये कधी न पाळलेला विटाळ सुरू झाला. महिन्याचे चार दिवस देवघराकडे फिरकायचं नाही, तीर्थ घ्यायचं नाही. नोकरीवर जायचं, आणि घरी आलं की यशश्रीच्या खोलीत बसायचं. यशश्री आमची मुलगी, पुण्याला हॉस्टेलवर. तिची खोली रिकामीच होती. सुरुवातीला मी कुरकुर केली, मग ते चार दिवस मला आवडायला लागले. पौषातली गोष्ट. तिच्या पलंगावर पाय पसरून मी चहा पीत होते. कप संपला, खाली ठेवला, आणि ठेवता ठेवता लक्षात आलं की झोंबला नाही. मी जीभ गालावर फिरवली. व्रण होते, पण निजलेले. शुद्ध होऊन न्हाले, देवघरात गेले, तीर्थ घेतलं आणि दोन दिवसांत पुन्हा तोंडात निखारे. मागच्या महिन्यात काय झालं होतं? मी आठवून पाहिलं. तेच. त्याच्या मागच्या? तेच. शिवू नये अशी असते तेव्हा मी बरी असते आणि पवित्र झाले की सडते. हे सांगणार कुणाला? सांगायचं तरी काय, की देवाला मी नकोय? दुसऱ्या दिवशी लिंग पुसताना बघितलं, त्यावर बारीक बारीक थेंब आले होते, पाण्याचे नव्हेत, चंदेरी. बोट लावलं की एकमेकांत शिरायचे. खाली काळ्या चकाकीत माझा चेहरा दिसत होता, एवढासा, उलटा, आणि त्यात तोंडाच्या जागी एक फट. मला वाटलं ती फट हलली. मी काही बोलले नव्हते. घाईघाईने पुसलं, तीर्थासाठी हात पुढे केला आणि मनात म्हटलं, माझं काय चुकलंय ते तरी सांग.

माघात पाळी आली नाही. फाल्गुनातही नाही. वयच झालं होतं. माझ्या बरोबरीच्या बायका सुटलो एकदाच्या म्हणतात. मी यशश्रीच्या खोलीचं दार लावून रडले. माझे ते चार दिवस गेले, आता सुट्टी नाही, मरेपर्यंत मी पवित्र. सुरगाण्याच्या गाडीची ती दुपार त्यानंतरचीच. तिच्यापाठोपाठ झुंबरने माइक आपल्याकडे घेतला. “ताई, तुमी खिडकी बघा, बोलायचं मी बघतो. तोंडाला आराम.” चांगल्या मनानेच म्हणाला, पण मला कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखं झालं. तो माइक हाच माझ्या आयुष्यातला एक ऐटीचा भाग होता. दुसरं काय होतं माझ्याकडे? आता खिडकीशी कुणी आलं की छातीत धडधडायचं. माणसं माझ्या तोंडाकडे बघतात असं वाटायचं. ड्रायव्हर-कंडक्टरांना फैलावर घेणारी मी, पेठची गाडी कधी म्हणून विचारणाऱ्यासमोर लाजून बोटाने फलाट दाखवायला लागले. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर पलीकडच्या कडेने जायची. ही कोण? मीच मला विचारायची. आणि उत्तर द्यायला भीती वाटायची, कारण उत्तर त्या दुसऱ्या आवाजात आलं असतं.

पाडव्याला गुढीला साखरेची माळ घालताना ह्यांनीच विचारलं, “अगं, अंगठी कधी बदललीस?” मी हाताकडे बघितलं. लग्नातली माझी सोन्याची अंगठी पांढरी पडली होती. कुठे राखाडी, कुठे चंदेरी, कडेला तेवढी पिवळी रेघ. “पूजेचं तेज उतरलंय,” हे हात जोडून म्हणाले. मी मोरीत जाऊन चिंच लावून घासली, राख लावून घासली. जाईना. आणि घासता घासता मला इगतपुरीचं आमचं रेल्वेचं क्वार्टर दिसायला लागलं. खिडकीतून धुकं घरात आलेलं, भिंतींना ओल, वळणीवर आठवडाभर न वाळलेले कपडे. वडील रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांचं थर्मामीटर माझ्या हातून फुटलं आणि फरशीवर पारा पळाला. काय मजा आली होती! बोट लावावं, एकाचे चार, चाराचे दहा, परत एक. आईने तो हाताने गोळा केला आणि तिची अंगठी अशीच पांढरी झाली. आई रडायला लागली, सौभाग्याचं लेणं म्हणून. आणि कधी आवाज न चढवणारे वडील ओरडले, “लेणं राहू दे, आधी हात धुवा दोघी! पूर्वी रोग्यांना हा पोटात द्यायचे. तोंड सडायचं त्यांचं, लाळ गळायची, दात हलायचे, हात थरथरायचे.” मी तेव्हा लाळ गळणाऱ्या माणसाची नक्कल करून दाखवली होती आणि एक धपाटा खाल्ला होता. नळ वाहत राहिला. तोंड सडायचं. हात थरथरायचे. मी अंगठी काढली आणि ओट्यावर ठेवली.

आनंद झाला नाही, राग आला. इतका राग की भांडी फेकावीत. पण कुणावर फेकणार? बाहेर हे गुढीपुढे उभं राहून मोठ्याने मंत्र म्हणत होते, चुका करत, मनापासून. मी जाऊन सांगायचं, तुमचा देव मला खातोय? म्हणजे परत ती गॅलरी, ती खुर्ची, ती भिंत. आणि वडिलांचं बोलणं मला नीट तरी आठवत होतं का? हा पारा तर बांधलेला होता. नाहीतर मीच देवाला दोष द्यायला कारण शोधत असेन. खात्री हवी होती. आणि ती करायची युक्ती मला जी सुचली ती माझ्यासारख्या बाईलाच सुचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघराच्या दारापासून चार हात लांब उभी राहिले आणि म्हटलं, “अहो, मी बाजूला बसलेय.” ह्यांनी घंटा खाली ठेवली. “परत सुरू झालं?” “होतं असं या वयात,” मी म्हटलं आणि यशश्रीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. देवापुढे खोटा विटाळ! आता काहीतरी कोसळेल म्हणून मी वाट बघितली. खाली भाजीवाल्या भागीबाईची आरोळी आली, ‘मेथी घ्या, शेपू घ्या.’ काहीच कोसळलं नाही. पाचवा दिवस आला. “अजून थांबलं नाही,” मी सांगितलं. मग पुन्हा तेच सांगितलं. ह्यांना काळजी वाटायला लागली, डॉक्टरीणबाईंकडे चल म्हणून मागे लागले. “जाईन हो,” म्हणून मी टाळत राहिले.

आणि तोंड बरं व्हायला लागलं. आधी लाळ आटली. मग धातूची चव गेली. एका सकाळी पाणी प्यायले तर त्याला पाण्याचीच चव होती. व्रण एकेक करत भरले. स्टँडवर झुंबरने मिसळ मागवली होती, मी त्याच्या पुढ्यातली ताटली ओढून घेतली आणि तर्रीसकट खाल्ली. नाक गळलं, डोळे गळले, पण त्यात दुखणं नव्हतं. “ओ ताई, माझी व्हती ती!” झुंबर ओरडला. “जळू नकोस, अर्धा पाव ठेवलाय,” मी म्हटलं आणि त्याच्यासमोरून माइक उचलला. पेठची गाडी फलाटावर लागली होती. मी ती अशी खणखणीत पुकारली की झुंबरने नुसतेच हात जोडले. त्या दिवशी मी गल्लीतून ओळखीच्या प्रत्येकाशी बोलत, मुद्दाम थांबत घरी आले.

घरात शिरताना देवघरातून ह्यांचं बोलणं ऐकू आलं. दार अर्धं लोटलेलं होतं. लिंग पुसत होते, स्वतःच. माझं काम आता तेच करत होते. “ही तिच्या वाटची,” म्हणाले आणि पळी तोंडाला लावली. “ही पण तिच्या वाटची.” मग तिसरी. माझ्या नावाने संकल्प सोडला होता म्हणे; मी बाजूला होते तोवर माझ्या वाटचं तीर्थ ते घेणार होते. मला वाटलं होतं पाणी तुळशीत जात असेल! त्याच क्षणी आत जायला हवं होतं. पण पुसताना ते काहीतरी गुणगुणत होते आणि तो स्वर लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर मी ऐकलाच नव्हता. उद्या सांगू, म्हटलं. उद्या पुन्हा उद्या झालं. मी बरी होत होते आणि भिंतीपलीकडे पळीचा आवाज यायचा, ताम्हनाच्या काठावर, टिंग, टिंग. तो ऐकू आला की मला माझ्याच बऱ्या झालेल्या तोंडाची लाज वाटायची. आता त्या खोलीत काय होतंय ते मला नक्की माहीत होतं, आणि माहीत असूनही मी कान देऊन बसायची.

मग एका सकाळी ह्यांनी थालीपिठाचा तुकडा तोंडात घातला आणि हळूच काढून ताटाखाली लपवला. उठून बेसिनपाशी गेले. मी मागून गेले. आरशासमोर वाकून, थरथरत्या बोटांनी खालचा ओठ ओढून ते आत बघत होते. पांढरे, खोलगट, लाल काठांचे. एक नाही, रांगच होती. मला बघून दचकले नाहीत. वळले आणि हसले. ओठ ताणल्यामुळे दुखलं असणार, तरी हसले. “तुझं बरं झालं ना?” म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हते, कडेने लाळ आली ती त्यांनी मनगटाने पुसली. “मी मागून घेतलं गं. रोज म्हणायचो, तिचं मला दे. दिलं बघ त्याने.” आयुष्यभर या माणसाने कुणापाशी काही मागितलं नव्हतं. प्रमोशन मागितलं नाही, कारखाना बंद झाला तेव्हा आपलं म्हणणंही मांडलं नाही. मागितलं ते हे. माझं दुखणं. मला त्यांना कवटाळावंसं वाटलं आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं. किती सोपं होतं गप्प राहणं! त्यांना देव मिळाला होता, मला आवाज मिळाला होता. ते सुखाने सडत गेले असते, कृतार्थ होऊन, आणि शेवटपर्यंत मला आशीर्वाद दिले असते.

मी सरळ देवघरात गेले. “अगं, शिवू नकोस! काय करतेस!” म्हणत हे मागून धावले. मी लिंग उचललं. गार, जड, आणि तळहाताला किंचित ओशट. “मला विटाळ नाहीये,” मी म्हटलं. “माघापासून नाहीये. मी खोटं सांगितलं.” ते दारातच थांबले. “हे पाणी सोडलं म्हणून माझं तोंड बरं झालं. हे पाणी घेताय म्हणून तुमचं आलंय. तुमचा हात थरथरतो तो याच्यामुळे. पारा आहे हा अहो, नुसता पारा. आणि मला कळून इतके दिवस झाले तरी मी तुम्हाला पिऊ दिलं.” हे सगळं मी स्पष्ट, एकेक अक्षर वेगळं ऐकू येईल असं बोलले. माझा आवाज त्या छोट्या खोलीत फार मोठा वाटला. समईची ज्योत हलली. हे माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मुठीकडे बघत होते. नजर हळूहळू खाली गेली, खांदे उतरले, आणि मला त्या चेहऱ्यावर गॅलरीतली भिंत दिसायला लागली. ते म्हणाले, “म्हणजे मी मागितलं ते कुणी ऐकलंच नाही?”

“मी ऐकलं ना,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नुसतीच, मला आजही सांगता येणार नाही. मग भिंतीला टेकून खाली बसले, ओठ हाताने झाकला आणि चूळ भरायला पाणी मागितलं.

“नळाचं आण,” म्हणाले.